एकदाच लिहायची डीव्हीडी

सकाळी ७.३०

आज गुरुवार. भोसरीच्या औद्योगिक भागाला साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे एरवी मशीनच्या कामात गुंतलेले संगणक संध्याकाळी तपासायला मोकळे मिळतात. लहान कारखाने आणि पॅथॉलॉजी लॅब यांच्या संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय. या सगळ्यांसाठी मी एक बचाव-डीव्हीडी तयार ठेवते. संगणक सुरूच होत नसेल, तर तो या डीव्हीडीवरून सुरू करायचा, समोर मेन्यू येतो, त्यातून हवं ते साधन निवडायचं. ही डीव्हीडी दर वर्षी नव्यानं बांधावी लागते आणि आज ते काम आहे.

पेनड्राइव्ह सगळीकडे असताना डीव्हीडी कशाला, असं मला नेहमी विचारलं जातं. कारणं अगदी व्यवहारातली आहेत. कारखान्यांत अजूनही असे संगणक चालू आहेत ज्यांच्या बायोसला यूएसबीवरून बूट होता येत नाही. बऱ्याच लॅबमध्ये आणि ऑफिसांत यूएसबी पोर्ट धोरण म्हणून बंद केलेले असतात. तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. डीव्हीडी-आर एकदा लिहून बंद केली की तिच्यात कुणीही काही घालू शकत नाही. व्हायरसनं पोखरलेल्या संगणकात ती घातली तरी जशी गेली तशीच बाहेर येते. तोच पेनड्राइव्ह चार ठिकाणी फिरला की एकीकडचा रोग दुसरीकडे नेतो. बिघाड शोधायला आलेलं साधन स्वतः निर्मळ असलंच पाहिजे.

चहा होईपर्यंत कागदावर यादी लिहून काढते. क्लोनझिला, हार्ड डिस्कची प्रत घ्यायला आणि परत टाकायला. जीपार्टेड, पार्टिशनचं काम करायला. सिस्टिमरेस्क्यू, बाकी सगळ्या दुरुस्त्यांना. मेमटेस्ट८६+, रॅम तपासायला. आणि फ्रीडॉसची १.४४ एमबीची फ्लॉपी-इमेज, जुन्या मदरबोर्डांचा बायोस अपडेट करायला.

सकाळी ८.३०

पाचही इमेज काल उतरवून घेतल्या. त्यांतली एकही उघडण्याआधी चेकसम तपासायचे. एसएचए-२५६ ची कमांड प्रत्येक फाइलमागे ६४ अक्षरांची एक ओळ देते आणि प्रकाशकानं दिलेल्या ओळीशी ती तंतोतंत जुळावी लागते. त्यावरून एवढंच कळतं की फाइल वाटेत तुटली नाही. चेकसमची यादीही त्याच सर्व्हरवरून आलेली असते, आणि सर्व्हर कुणी फोडला असेल तर तो फाइल आणि यादी दोन्ही बदलेल. म्हणून यादीवरची डिजिटल सहीही जीपीजीनं पडताळते. सहीसाठी लागणारी सार्वजनिक किल्ली आज उतरवलेली नाही, ती जुनी, आधीपासून जपलेली आहे.

माझ्याबरोबर आयटीआय झालेला एक मुलगा शिकाऊ म्हणून काम करतो. हे काम त्याच्याकडेच दिलंय. 'ओके' आलेली प्रत्येक ओळ तो वहीत उतरवतो. वही कशाला, हे त्याला संध्याकाळी आपोआप कळेल.

सकाळी ९.३०

आता फोल्डरांची मांडणी. पाच आयएसओ, म्हणजे डिस्कच्या इमेज, एकाखाली एक जोडल्या की मल्टी-बूट झालं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्येक आयएसओ ही स्वतःच्या डिस्कवर आपण एकटेच आहोत असं गृहीत धरून बांधलेली असते. क्लोनझिला आणि जीपार्टेड दोन्ही डेबियनच्या लाइव्ह पद्धतीवर उभे आहेत आणि दोघांचाही सगळा पसारा 'लाइव्ह' नावाच्या फोल्डरात असतो. एका वाड्यात एकाच आडनावाची दोन बिऱ्हाडं असावीत आणि पोस्टमननं पत्र भलत्याच दारात टाकावं, तसं इथं होतं. कर्नल क्लोनझिलाचा उठतो आणि समोर सापडलेली फाइल-सिस्टिम जीपार्टेडची उचलतो.

त्यावरचा उपाय डेबियननंच देऊन ठेवलाय. दोघांना वेगळे फोल्डर द्यायचे आणि कर्नलच्या ओळीत 'लाइव्ह-मीडिया-पाथ' या ऑप्शननं आपापला पत्ता सांगायचा. मग प्रत्येक जण आपलीच 'स्क्वॉशएफएस' फाइल उघडतो.

सिस्टिमरेस्क्यूची तऱ्हा निराळी. ते आता आर्च लिनक्सवर बांधलेलं असतं आणि सुरू झाल्यावर आपली डिस्क तिच्या लेबलवरून शोधतं. त्याच्या मूळ मेन्यूत त्याच्याच आयएसओचं लेबल लिहिलेलं असतं. आपल्या डीव्हीडीचं लेबल वेगळं असेल तर कर्नल उठतो, डिस्क ड्राइव्हमध्ये फिरत असते, आणि तरी डिस्क सापडत नाही असं सांगून तो थांबतो. म्हणून आधी लेबल ठरवायचं: रोमन मोठ्या अक्षरांत 'बचाव', पुढे अधोरेषा, पुढे वर्ष. जास्तीत जास्त ३२ अक्षरं चालतात. मग तेच लेबल मेन्यूच्या ओळीत टाकायचं.

मेमटेस्टच्या बाबतीत एक बारीक गोष्ट पाळावी लागते. आपला बूटलोडर, म्हणजे मेन्यू दाखवून निवडलेलं साधन सुरू करणारा प्रोग्राम, आयएसओलिनक्स. 'बिन' शेपटीची फाइल म्हणजे सीडीचा बूट सेक्टर, असं तो मानतो. मेमटेस्टची फाइल त्याच शेपटीनं येते, पण चालवायची असते कर्नलसारखी. म्हणून शेपटी काढून टाकायची आणि नुसतं 'मेमटेस्ट' एवढंच नाव ठेवायचं. फ्रीडॉसच्या फ्लॉपी-इमेजसाठी 'मेमडिस्क' वापरायचं. ते इमेज रॅममध्ये भरतं आणि बायोसला फ्लॉपी असल्यासारखं भासवतं.

आयएसओलिनक्स आणि त्याची 'एलडीलिनक्स' ही जोडफाइल दोन्ही एकाच आवृत्तीच्या लागतात. मी ६.०३ घेते. २०१४ पासून तीच शेवटची पक्की आवृत्ती आहे.

शेवटी मुळाशी एक साधी मजकूर-फाइल ठेवते, नाव 'आधी वाचा', मराठीत. कुठल्या संगणकावर कुठली कळ दाबायची, मेन्यूतलं काय कशासाठी आहे, काय दाबलं तर डिस्क पुसली जाईल, हे सगळं तिच्यात आहे. आयएसओ ९६६० चा मूळ नियम फार कडक: मोठी रोमन अक्षरं, आकडे, अधोरेषा, आणि पहिल्या पातळीवर नावाला आठ व शेपटीला तीन अक्षरं. पण त्यावर दोन थर चढवता येतात. युनिक्स-लिनक्ससाठी रॉक रिज आणि विंडोजसाठी जोलिएट. या थरांमुळे देवनागरी नाव दोन्हीकडे नीट दिसतं.

सकाळी ११.००

लाइट गेली. दुरुस्तीच्या कामासाठी दुपारपर्यंत नसणार हे कालच कळलं होतं, त्यामुळे लॅपटॉप पूर्ण चार्ज आहे. इमेज बांधायला बॅटरी पुरते. डीव्हीडी राइट करण्याचं काम मात्र लाइट आल्यावर आणि यूपीएसवरच.

या वेळात शिकाऊ मुलाला गेल्या वर्षीच्या इमेजचं पोट उघडून दाखवते. डेटा सीडी आणि डीव्हीडी २,०४८ बाइटच्या सेक्टरांत विभागलेली असते आणि मोजणी शून्यापासून. पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी, आयएसओ ९६६० नं मोकळे सोडलेले. १६ क्रमांकाच्या सेक्टरवर डिस्कची ओळख: लेबल, एकूण आकार, मूळ फोल्डर कुठं आहे ते. ही रचना मुळात १९८५-८६ मध्ये अमेरिकेतल्या लेक टाहोजवळच्या हाय सिएरा हॉटेलातल्या बैठकीतून पुढे आली. तिला आधी हाय सिएरा फॉरमॅट म्हणत आणि १९८८ मध्ये ती आयएसओ मानक झाली. त्या वेळी सीडीवरून संगणक सुरू करण्याचा विचार त्यात नव्हता. तो जानेवारी १९९५ मध्ये फीनिक्स आणि आयबीएम यांनी 'एल टोरिटो' या नावाच्या मानकात मांडला. त्यांनी जुन्या रचनेला धक्का लावला नाही, फक्त १७ क्रमांकाच्या सेक्टरवर एक नवी नोंद ठेवायला सांगितली.

१७ गुणिले २,०४८ म्हणजे ३४,८१६. त्या बाइटपासून पुढचं दाखव, असं हेक्स दाखवणाऱ्या कमांडला सांगते. स्क्रीनवर पहिला बाइट शून्य, मग 'सीडी००१' ही पाच अक्षरं, मग आवृत्तीचा १, आणि लगेच मोठ्या रोमन अक्षरांत 'एल टोरिटो स्पेसिफिकेशन'. तीस वर्षांपूर्वीचे हे शब्द आजही प्रत्येक बूट होणाऱ्या आयएसओत जसेच्या तसे आहेत. त्याच नोंदीत ७१ व्या स्थानापासून चार बाइट आहेत, बूट कॅटलॉग कुठल्या सेक्टरवर आहे ते सांगणारे. त्या सेक्टरवर गेलं की ३२-३२ बाइटच्या नोंदी लागतात. पहिली नोंद खातरजमेची: सुरुवात ०१ नं, शेवट '५५ एए' नं. दुसरीची सुरुवात ८८ नं. ८८ म्हणजे 'यावरून बूट होता येतं'. तिच्यातच पुढे ०४, म्हणजे ५१२ बाइटचे चार तुकडे रॅममध्ये भरा, आणि त्यापुढे बूटलोडर कुठल्या सेक्टरपासून सुरू होतो तो आकडा.

"मॅडम, मग पाच सिस्टिम असतील तर ८८ च्या पाच नोंदी टाकायच्या का?"

"मानकात तशी सोय आहे. पण बहुतेक बायोस पहिली नोंद घेतात आणि पुढचं बघतच नाहीत. म्हणून बायोससाठी नोंद एकच, आणि ती बूटलोडरची. पाच जणांचा मेन्यू तो दाखवणार."

मग त्याला आणखी खाली नेलं. तिथं '९१ ईएफ' नं सुरू होणारी नोंद आहे. ९१ म्हणजे हा शेवटचा विभाग आणि 'ईएफ' म्हणजे हा यूईएफआयवाल्या नव्या संगणकांसाठी. तिच्या लगेच पुढच्या नोंदीतला पत्ता एका छोट्या फॅट फाइल-सिस्टिमच्या इमेजकडे जातो. यूईएफआय त्या इमेजमध्ये 'ईएफआय' फोल्डरात, मग 'बूट' फोल्डरात जातं आणि ठरलेल्या नावाची फाइल चालवतं. तिथं आपण ग्रब हा दुसरा बूटलोडर ठेवतो. नवा आणि जुना संगणक एकाच डीव्हीडीवरून सुरू होतो तो या दोन नोंदींमुळे. मुलानं दोन्ही पत्ते वहीत उतरवले, स्वतः गुणाकार करून त्या सेक्टरांवर गेला आणि बूटलोडर खरंच तिथं आहे ना, ते पाहून आला.

दुपारी १२.३०

आता इमेज बांधायची कमांड. साधन झॉरिसो, थॉमस श्मिट यांनी लिहिलेलं. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे एमके-आयएसओ-एफएस. ते नव्वदच्या दशकात एरिक यंगडेल यांनी सुरू केलं. पुढे २०२१ मध्ये निधन होईपर्यंत यॉर्ग शिलिंग यांनी ते सांभाळलं. २००६ मध्ये डेबियननं त्याची वेगळी शाखा काढली, ती जेनआयएसओइमेज. झॉरिसो स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे, पण जुन्या एमके-आयएसओ-एफएसचीच भाषा बोलू शकतं, त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट फार न बदलता चालतात. विंडोजच्या बाजूला हेच काम मायक्रोसॉफ्टचं ओएससीडीइमेज करतं. तिथंही तेच एल टोरिटो, तशाच बायोस आणि 'ईएफ' अशा दोन नोंदी.

कमांड मी कधीही थेट टर्मिनलवर टाइप करत नाही. ती स्क्रिप्टमध्ये असते, एका ओळीवर एक ऑप्शन आणि प्रत्येकावर मराठीत शेरा. आधी लेबल. मग रॉक रिज आणि जोलिएट. मग बूट फाइलचा आणि कॅटलॉगचा पत्ता. मग 'नो-इम्यूल-बूट', म्हणजे ही फ्लॉपीची नक्कल नाही, कोड आहे तसा भरा. सुरुवातीच्या काळात बूट होणारी सीडी बायोसला फ्लॉपी असल्याचं भासवत असे आणि सगळं १.४४ किंवा २.८८ एमबीत बसवावं लागे. ती मर्यादा या एका ऑप्शननं जाते. त्याखाली 'बूट-लोड-साइझ ४', मघाशी पाहिलेला ०४ तो हाच.

पुढचा ऑप्शन 'बूट-इन्फो-टेबल'. आयएसओलिनक्सच्या फाइलमध्ये ८ व्या बाइटपासून ५६ बाइटची जागा असते. इमेज बांधताना तिथं फाइलचा स्वतःचा सेक्टर, लांबी आणि बेरीज भरली जाते. बूटलोडर रॅममध्ये उतरतो तेव्हा आपण डिस्कवर कुठून आलो आणि उरलेला भाग कुठं आहे, हे त्याला यावरूनच कळतं. ही ओळ राहिली तर डीव्हीडी सुरू होण्याच्या पहिल्याच पायरीवर अडते. जुनं एमके-आयएसओ-एफएस हा बदल आपल्या फोल्डरातल्या मूळ फाइलमध्येच करतं. म्हणून मूळ बूट फाइल वेगळी जपायची आणि बांधकामाच्या फोल्डरात नेहमी प्रत ठेवायची.

त्यानंतर 'एल-टोरिटो-ऑल्ट-बूट'. इथून दुसरी नोंद सुरू होते, यूईएफआयची, फॅट इमेजच्या पत्त्यासकट.

माऊसनं खिडक्या उघडून हे सगळं करणारी सॉफ्टवेअर आहेत आणि एखाद्या वेळी ती पुरतात. पण तिथं कुठली खूण केली, कुठली राहिली, याची नोंद कुठंच उरत नाही. वर्षभरानं 'ही डिस्क नेमकी कशी बनवली होती' असं कुणी विचारलं तर सांगणार काय? स्क्रिप्टमध्ये प्रत्येक निर्णय लिहिलेला असतो, कारणासकट. कारखान्याचा डेटा ज्या डिस्कच्या भरवशावर वाचवायचा, ती डिस्क कशी बनली हे दुसऱ्या कुणालाही वाचता आलं पाहिजे.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सोर्स डेट इपॉक' नावाचं एक व्हेरिएबल ठरवलेलं आहे. इमेजमध्ये 'आत्ताची वेळ' जिथं जिथं लिहिली जाते, तिथं झॉरिसो मग ही ठरलेली वेळ लिहितं. त्यामुळे त्याच फाइलींपासून दोनदा बांधलं तरी बाइट-न-बाइट तीच इमेज मिळायला हवी. स्क्रिप्ट चालवली, इमेज बांधून झाली, आकार २ जीबीच्या थोडा वर. पुन्हा चालवली. दोन्ही चेकसम सारखे आले.

दुपारी १.३०

डबा. पोळी, मेथीची भाजी, ताक. लॅपटॉप बंद ठेवते, बॅटरी वाचते.

दुपारी २.३०

लाइट आली. पण डीव्हीडीला अजून हात लावायचा नाही. आधी क्यूएमयूमध्ये, म्हणजे संगणकाच्या आतल्या खोट्या संगणकावर, इमेज चालवून पाहायची. एकदा बायोस पद्धतीनं, एकदा ओव्हीएमएफ हे यूईएफआय फर्मवेअर लावून. दोन्हीकडे मेन्यूतली प्रत्येक ओळ निवडायची आणि ती शेवटपर्यंत नेऊन पाहायची. मेन्यू दिसला म्हणजे झालं, असं धरून चालत नाही. कर्नल उठतो, पण फाइल-सिस्टिम सापडत नाही, ही मल्टी-बूटमधली नेहमीची तक्रार मेन्यूच्या पुढेच असते.

यूईएफआयच्या मेन्यूत फ्रीडॉस मुद्दाम ठेवलेलं नाही. मेमडिस्क बायोसच्या आधारानं चालतं, यूईएफआयवर चालणार नाही. जे चालणार नाही ते मेन्यूत दाखवू नये. घाईत असलेल्या माणसाला ती ओळ दिसते आणि त्याचा वेळ जातो.

क्लोनझिलाच्या आणि सिस्टिमरेस्क्यूच्या दोन-दोन ओळी ठेवल्यात. एक नेहमीची, दुसरी सगळं रॅममध्ये भरून घेणारी. क्लोनझिलात तो ऑप्शन 'टूरॅम' आणि सिस्टिमरेस्क्यूत 'कॉपीटूरॅम'. रॅम पुरेशी असेल तर दुसऱ्या ओळीनं सुरू केल्यावर डीव्हीडी बाहेर काढून पुढच्या संगणकाला लावता येते.

जुन्या ३२-बिट संगणकांसाठी क्लोनझिलाची ३२-बिट आवृत्तीच घेतलीय. ती ६४-बिट संगणकावरही चालते. ही सोय पुढे अवघड होत जाणार. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलरच नाही. त्यामुळे आत्ताच्या ३२-बिट आयएसओ मी चेकसमसकट कायमच्या जपून ठेवते.

दुपारी ४.००

आता राइट करायचं. ४.७ जीबी असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी दोन जातींत फरक असतो. डीव्हीडी-आर मध्ये २२,९८,४९६ सेक्टर म्हणजे ४,७०,७३,१९,८०८ बाइट. डीव्हीडी+आर मध्ये २२,९५,१०४ सेक्टर, साधारण ७ एमबीनं कमी. आज भरपूर जागा शिल्लक आहे, पण इमेज काठोकाठ असेल तेव्हा हा आकडा पाहूनच डिस्क निवडावी.

मी डीव्हीडी-आर घेते. तिच्यावर आधी रंगीत तालीम करता येते: ड्राइव्ह सगळा प्रवास करतो, पण लेसर लिहिण्याच्या ताकदीनं पेटत नाही. डेटा पुरवण्याचा वेग कुठं अडखळतो का, हे डिस्क वाया न घालवता कळतं. तालीम नीट झाली. मग खरी. वेग ४एक्स ठेवते. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी, तेव्हा २ जीबीच्या इमेजला सहा-सात मिनिटं आणि शेवटची बंदिस्ती. १६एक्सवर काही मिनिटं वाचतील. पण ही डिस्क वाचणारे ड्राइव्ह जुने आणि धुळीतले आहेत, मला तेवढी घाई नाही.

डिस्क एकाच सत्रात लिहून कायमची बंद करायची. मागाहून भर घालायची सोय ठेवली की जुने ड्राइव्ह गोंधळतात. आणि ज्या गुणासाठी डीव्हीडी निवडली, तो गुणच त्यात जातो.

दुपारी ४.४५

'यशस्वी' असा संदेश आला, तो लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरचा. डिस्कवर खरंच काय उतरलं हे परत वाचूनच कळतं. ट्रे बाहेर काढून पुन्हा आत घेते, म्हणजे ड्राइव्ह जुन्या आठवणीतलं काही देणार नाही. मग डिस्कवरचे सगळे सेक्टर वाचायचे आणि त्यांचा चेकसम काढायचा.

इथं नवखे लोक हमखास घाबरतात. सगळी डिस्क शेवटपर्यंत वाचली तर चेकसम बहुधा जुळत नाही. कारण डीव्हीडीवर डेटा १६ सेक्टरांच्या गटांत, म्हणजे ३२ केबीच्या तुकड्यांत लिहिला जातो. चूक दुरुस्त करणारे कोड त्या अख्ख्या गटावर मिळून बसवलेले असतात. इमेज गटाच्या मध्येच संपली तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते. वाचताना ती शून्यंही येतात आणि चेकसम बदलतो. म्हणून आधी इमेजमध्ये नेमके किती सेक्टर आहेत ते विचारायचं आणि डिस्कवरून तेवढेच वाचायचे. आकडा मुलानं काढला, कमांडमध्ये भरला. ड्राइव्ह फिरत राहिला, शेवटी ६४ अक्षरं आली. सकाळच्या वहीत दुपारच्या इमेजचा चेकसम लिहिलेला होता, तो अक्षर-अक्षर बोट ठेवून ताडून पाहिला. जुळला.

मग दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून तेच पुन्हा. स्वतः लिहिलेली डिस्क त्याच ड्राइव्हला नीट वाचता येणं ही फार मोठी कसोटी नाही.

संध्याकाळी ६.००

भोसरीतला एक कारखाना. व्हीएमसी या संगणकचालित मिलिंग मशीनला प्रोग्राम पाठवणारा जुना संगणक, मागे आरएस-२३२ ची केबल. वर्षानुवर्षांचे जॉबचे प्रोग्राम याच हार्ड डिस्कवर आहेत. मशीनवरचे मामा सुट्टी असूनही किल्ल्या घेऊन आलेत.

"ताई, पेनड्राइव्हवर नाही का होत हे?"

"याला पेनड्राइव्हवरून सुरूच होता येत नाही, मामा. आणि सुरू झाला असता तरी तुमच्या मशीनजवळ मी दहा ठिकाणी फिरलेला पेनड्राइव्ह आणला नसता."

ट्रे आत गेला. आधी ड्राइव्हचा घरघराट, मग आयएसओलिनक्सची एक ओळ, मग मेन्यू. क्लोनझिलाची ओळ निवडली. हार्ड डिस्कची प्रत नेटवर्कवरून ऑफिसच्या संगणकावर पाठवायची आहे. क्लोनझिला पार्टिशनमधले फक्त वापरलेले भाग उचलतं, रिकामी जागा सोडून देतं, म्हणून मोठ्या डिस्कचीही प्रत आटोपशीर होते. प्रत होईतो मामांना 'आधी वाचा'ची छापील प्रत वाचून दाखवली. बायोसमध्ये शिरायची कळ कुठली, प्रत घेताना कुठला प्रश्न येतो, आणि 'रिस्टोर' हा शब्द दिसला की थांबून मला फोन का करायचा. त्यांनी दोन ठिकाणी मशीनचं नाव पेनानं लिहून घेतलं.

प्रत झाली. परत तपासूनही झाली. मग मेमटेस्ट लावून ठेवला, रॅमची एक पूर्ण फेरी होऊ दिली. ऑफिसातल्या नव्या संगणकावर यूईएफआयनंही डीव्हीडी सुरू झाली. तिथं सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागलं. माझ्या मेन्यूतल्या ग्रबवर मान्य सही नाही, आणि ती असल्याशिवाय ते फर्मवेअर पुढे जाऊ देत नाही. काम संपल्यावर सिक्युअर बूट परत चालू केलं आणि तशी नोंद त्या संगणकाच्या कार्डावर लिहिली.

रात्री ८.००

घरी येऊन डीव्हीडीवर पाण्याच्या शाईच्या मार्करनं नाव, वर्ष आणि चेकसमची पहिली आठ अक्षरं लिहिली. कागदी पाकिटाऐवजी कडक डबी, उभी, कपाटात, उन्हापासून दूर. डबीत घडी घातलेला एक कागद: पाच साधनांच्या आवृत्त्या, त्यांचे चेकसम, इमेजचा पूर्ण चेकसम, सेक्टरांची संख्या. स्क्रिप्ट आणि मेन्यूच्या फाइली गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, टाकल्या, आज काय बदललं आणि का, ते लिहून.

शेवटचं काम मुलाचं. त्याच्या लॅपटॉपवर एक रिकामा फोल्डर, सकाळी तपासलेल्या त्याच पाच इमेज, गिटमधली स्क्रिप्ट आणि त्याची वही. माझी काही मदत नाही. त्यानं मांडणी केली, लेबल ताडून पाहिलं, स्क्रिप्ट चालवली आणि निघालेल्या इमेजचा चेकसम फोनवर वाचून दाखवला. मी डबीतला कागद समोर धरला होता. ६४ पैकी ६४ अक्षरं तीच.

पुढच्या वर्षीची डीव्हीडी तो बांधेल आणि तपासणी मी करेन. सहीच्या ग्रबचा प्रश्न त्याच्या यादीत पहिला आहे, म्हणजे नव्या संगणकांवर सिक्युअर बूट बंद करायची गरज उरणार नाही.